इलेक्ट्रोडचा भाव किलोवर विचारू नका
वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

विजेच्या मदतीने पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणांबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: कोणता इलेक्ट्रोड (पाण्यात वीज सोडणारी धातूची किंवा ग्रॅफाइटची प्लेट) स्वस्त पडतो? खालच्या उत्तरांत किती अँपिअर-तासाला किती धातू विरघळतो किंवा किती क्लोरीन तयार होतो, हे आकडे फॅराडेच्या नियमातून आलेले आहेत; ते पक्के. धातू, वीज, मीठ आणि गाळ यांचे दर मात्र हिशेब मांडण्यासाठी धरलेले आहेत. त्या जागी आपल्या कोटेशनमधले आणि वीजबिलातले दर घालून गणित पुन्हा करावे.

प्रश्न : आमच्या प्रोसेस हाऊसमधून (कापड रंगवण्याच्या कारखान्यातून) रिॲक्टिव्ह रंगांचे रोज ५० घनमीटर पाणी निघते. इलेक्ट्रोकोॲग्युलेशन (विजेने प्लेटीतला धातू विरघळवून घाण गाळात बसवणे) बसवायचे आहे. एकजण लोखंडी प्लेटी सुचवतो, दुसरा ॲल्युमिनियमच्या. लोखंड ७० रुपये किलो, ॲल्युमिनियम ३०० रुपये किलो. मग ॲल्युमिनियमचा विचार तरी का करावा? (इचलकरंजी)

विचार करावा, कारण दोन्ही धातू सारख्या वजनाने विरघळत नाहीत. १ अँपिअर-तासाला लोखंड १.०४ ग्रॅम विरघळते, ॲल्युमिनियम फक्त ०.३४ ग्रॅम. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम यापेक्षा २० ते ४० टक्के जास्त झिजते, कारण कॅथोडजवळ (ऋण प्लेटीजवळ) पाणी अल्कधर्मी होते आणि तिथला धातू वीज न खाताही विरघळतो. पुरवठादाराच्या तक्त्यात ही वाढीव झीज बहुधा नसते.

समजा, १ घनमीटरला ३०० अँपिअर-तास लागतात. लोखंड ३१३ ग्रॅम जाईल, ॲल्युमिनियम सुमारे १३० ग्रॅम. पण प्लेट शेवटपर्यंत वापरता येत नाही. साधारण ६५ टक्के झिजली की कडा कुरतडल्या जातात, भोके पडतात, तुकडे तुटून शेजारच्या प्लेटला टेकतात आणि शॉर्ट होते. म्हणजे विकत घ्यायचे लोखंड ४८० ग्रॅम आणि ॲल्युमिनियम २०० ग्रॅम. उरलेले भंगारात गेले आणि लोखंडाला ३०, ॲल्युमिनियमला १५० रुपये किलो मिळाले, तर धातूचा निव्वळ खर्च घनमीटरला लोखंडाचा सुमारे २८.५० रुपये आणि ॲल्युमिनियमचा ४९.५० रुपये येतो. वीज दोघांनाही सारखीच: प्लेटींमध्ये ५ व्होल्ट धरले तर १.५ युनिट, रेक्टिफायरमधली (एसीची डीसी वीज करणाऱ्या यंत्रातली) गळती धरून १.७६ युनिट, ९ रुपये दराने १६ रुपये. एकूण लोखंड ४४.५०, ॲल्युमिनियम ६५.५० रुपये.

या गणितातली मेख अशी की दोघांनाही ३०० अँपिअर-तास लागतील, हे आपण नुसते धरले आहे. तुमच्या रंगांवर ॲल्युमिनियमने २०० अँपिअर-तासांत काम केले, तर त्याचा खर्चही ४४ रुपयांच्या आत येतो. वरच्या दरांनी उंबरठा ६८ टक्क्यांचा आहे. लोखंडाला लागणाऱ्या अँपिअर-तासांच्या ६८ टक्क्यांहून कमीत ॲल्युमिनियमचे भागत असेल तर ते घ्या, नाहीतर लोखंड.

हे ठरवायला पुरवठादाराची गरज नाही. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राच्या) टाकीतले पाणी १ लिटर बीकरमध्ये घ्या. १० सेंटिमीटर लांब-रुंद भाग बुडेल अशा दोन प्लेटी १० मिलिमीटर अंतरावर लावा आणि डीसी सप्लायने १ अँपिअर सोडा. ६ मिनिटे म्हणजे घनमीटरला १०० अँपिअर-तास, १२ मिनिटे म्हणजे २००, १८ म्हणजे ३०० आणि २४ म्हणजे ४००. प्रत्येक वेळेसाठी नवे लिटर घ्या. एकाच बीकरमधून नमुने काढत गेलात तर पाणी कमी होते आणि हिशेब बिघडतो. अर्धा तास निवळू द्या, गाळा, मग रंग आणि सीओडी (पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) मोजा. प्लेटी आधी आणि नंतर धुऊन, वाळवून ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. ॲल्युमिनियमची खरी झीज त्यातच कळेल.

चाचणीआधी पीएच बघा. रिॲक्टिव्ह रंगाईचे पाणी बऱ्याचदा १० ते ११ पीएचचे असते. ९ च्या वर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होऊन खाली बसण्याऐवजी ॲल्युमिनेट होऊन पाण्यात विरघळलेलेच राहते. म्हणजे आधी आम्ल घालावे लागेल आणि तो खर्च ॲल्युमिनियमच्या खात्यात लिहायचा. लोखंड अल्कधर्मी पाण्यात बरे चालते. पीएच ७ च्या खाली गेला तर मात्र फेरस लोह लवकर ऑक्सिडाइज होत नाही. पाणी हिरवट दिसते आणि बाहेर सोडल्यावर तासाभराने तांबडे होते. त्यावर उपाय हवा मारण्याचा. रंगाईतल्या मिठामुळे विद्युतवाहकता चांगली असते, व्होल्टेज कमी लागते आणि क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरत नाही. पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) यातून कमी होणार नाही, हे कोटेशनवर सही करण्याआधीच मान्य करा.

गाळाचा खर्च कोटेशनमध्ये हमखास गायब असतो. ३१३ ग्रॅम लोखंडापासून ६०० ग्रॅम कोरडे हायड्रॉक्साइड होते, १३० ग्रॅम ॲल्युमिनियमपासून ३७५ ग्रॅम. त्यात अडकलेला रंग वेगळा. फिल्टर प्रेसमधून लोखंडाचा गाळ २५ टक्के घन आणि ॲल्युमिनियमचा १८ टक्के घन निघाला असे धरा (ॲल्युमिनियमचा गाळ जास्त पाणी धरतो), तर ओले वजन अनुक्रमे २.४ आणि २.१ किलो. हा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत परिशिष्ट १ मधल्या ३५.३ या नोंदीखाली येतो आणि रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या केंद्राकडे पाठवावा लागतो. वाहतुकीसह १० रुपये किलो धरले तरी घनमीटरला २१ ते २४ रुपये. लोखंडाच्या बाबतीत गाळाचा हा खर्च धातूच्या खर्चाशी जवळजवळ बरोबरी करतो.

आता प्लेटी किती दिवस टिकतील ते पाहा. ३०० गुणिले ५० म्हणजे दिवसाला १५,००० अँपिअर-तास. २० तासांत वाटले तर ७५० अँपिअर, चौरस मीटरला १०० अँपिअर घनतेने ७.५ चौरस मीटर ॲनोड (विरघळणारी धन प्लेट). दर अर्ध्या तासाने ध्रुव उलटवत (ॲनोड-कॅथोडची अदलाबदल करत) दोन्ही बाजू सारख्या झिजवल्या तरी ६ मिलिमीटरची लोखंडी प्लेट दिवसाला पाव मिलिमीटरहून थोडी जास्त जाते. ६५ टक्क्यांची मर्यादा १५ दिवसांत गाठली जाते. ॲल्युमिनियमची त्याच जाडीची प्लेट १२ दिवसांत. ‘प्लेटी वर्षभर चालतात’ असे कोणी सांगत असेल तर त्याच्या यंत्रातून पुरेसा धातू विरघळतच नाही, म्हणजे पाणीही पुरेसे शुद्ध होत नाही. १० मिलिमीटरच्या प्लेटी घ्या आणि त्या ओढून काढता येतील अशा खाचा मागा. बोल्टने आवळलेला संच बदलायला दर खेपेला माणसांचे अर्धे दिवस जातात.

प्लेटींची जोडणी मोनोपोलर (प्रत्येक प्लेट थेट पुरवठ्याला जोडलेली) असेल तर ५ व्होल्टला ७५० अँपिअर, म्हणजे जाड तांब्याच्या पट्ट्या आणि महाग रेक्टिफायर. बायपोलर केली, २५ कप्पे एकामागे एक, तर १२५ व्होल्टला ३० अँपिअर पुरतात. रेक्टिफायर स्वस्त होतो, पण खारट पाण्यात वीज प्लेटींना वळसा घालून कडेने जाते आणि तेवढी वाया जाते. शिवाय १२५ व्होल्ट डीसी जीवघेणे आहे. झाकण उघडताच पुरवठा बंद करणारा स्विच हवाच.

प्रश्न : लोखंडी प्लेटी गंजतात. त्याऐवजी एसएस ३०४ च्या वापरल्या तर टिकतील का? (भोसरी)

लोखंडी प्लेटीने विरघळायचेच असते. गंज हा तिचा दोष नाही. एसएस ३०४ ॲनोड म्हणून लावला तर तोही विरघळतो, आणि त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. घनमीटरला १०० ग्रॅम एसएस गेले तर त्यातले क्रोमियमच १८ मिलीग्रॅम प्रति लिटर होते. पिण्याच्या पाण्यात मर्यादा ०.०५ आहे. काही भाग गाळात बसेल, पण ॲनोडपाशी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) तयार होण्याची शक्यता असते आणि ते सहज बसत नाही. स्टेनलेस कॅथोडला वापरा, ॲनोडला नको. त्या यंत्रात ध्रुव उलटवणारा टायमर असेल तर तोही बंद करा, नाहीतर कॅथोडच ॲनोड होईल.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची कात्रणे स्वस्त मिळतात म्हणून लावणारेही आहेत. त्यातून पहिले काही दिवस पाण्यात जस्त जाते.

प्रश्न : आमची ग्रामपंचायत २५० घनमीटर पाणी रोज पुरवते. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरऐवजी मिठापासून हायपोक्लोराइट (क्लोरीनचे द्रावण) बनवणारे यंत्र घ्यायचे आहे. ग्रॅफाइट ॲनोडचे यंत्र स्वस्त आहे, कोटिंग केलेल्या टायटॅनियमचे महाग. फरक किती मानावा? (सातारा जिल्हा)

घनमीटरला २ ग्रॅम क्लोरीन धरले तर तुम्हाला रोज ५०० ग्रॅम लागेल. १ अँपिअर-तासाला जास्तीत जास्त १.३२ ग्रॅम क्लोरीन मिळते. कोटिंगच्या ॲनोडवर ४ व्होल्ट आणि ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर किलोला ४.६५ युनिट. ग्रॅफाइटवर क्लोरीन सुटायला जास्त व्होल्टेज लागते, शिवाय तो झिजत जातो तसे प्लेटींमधले अंतर वाढते, ५.५ व्होल्ट आणि ५० टक्के धरले तर ८.३ युनिट. दिवसाला फरक १.८ युनिट, ८ रुपयांनी वर्षाला ५,३०० रुपये. मीठही तसेच: किलो क्लोरीनला ३.५ किलोऐवजी ४.५ किलो. १५ रुपये किलो दराने वर्षाला २,७०० रुपये. दोन्ही मिळून ८,००० रुपये दरवर्षी, शिवाय ग्रॅफाइट बदलण्याचा खर्च आणि टाकीत उतरणारी काळी भुकटी.

आता कोटिंगचा भाव. दिवसाला ५८० अँपिअर-तास, ८ तास चालवले तर ७३ अँपिअर. चौरस मीटरला १,००० अँपिअर घेणाऱ्या कोटिंगला फक्त ०.०७३ चौरस मीटर ॲनोड पुरतो. ६०,००० रुपये चौरस मीटर असा दणदणीत भाव धरला तरी ॲनोड ४,४०० रुपयांचा. म्हणजे महाग यंत्राच्या किमतीत कोटिंगचा वाटा लहान आहे. बाकी पैसे सेल (प्लेटी बसवलेला डबा), रेक्टिफायर, पंप आणि पुरवठादाराचा नफा यांचे आहेत. भाव तिथे करा.

कोटिंगबाबत मात्र तडजोड नको. टायटॅनियमवर रुथेनियम, इरिडियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचा थर असतो. कोटेशनमध्ये मौल्यवान धातू चौरस मीटरला किती ग्रॅम, रुथेनियम-इरिडियमचे प्रमाण किती आणि हमी किती तासांची, हे लिहून घ्या. इरिडियमचा भाव २०२१ मध्ये ट्रॉय औंसाला ६,००० डॉलरच्या वर गेला होता. असे झाले की पातळ थर देण्याचा मोह वाढतो आणि नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. थर संपल्यावर खालचा टायटॅनियम काही क्षणांत स्वतःवर ऑक्साइड चढवून वीज अडवतो, म्हणून सेल एकाएकी ‘बंद पडतो’. कोणी कोटिंग नसलेल्या टायटॅनियमच्या प्लेटी ॲनोड म्हणून स्वस्तात देत असेल तर हेच पहिल्या दिवशी होईल.

कोटिंग लवकर जाण्याची कारणे ठरलेली असतात. जड पाण्यामुळे कॅथोडवर चुना बसतो आणि वाढत जाऊन ॲनोडला टेकतो. बोअरचे पाणी मऊ करूनच खारे द्रावण बनवा आणि खडे मिठाऐवजी शुद्ध केलेले मीठ वापरा, कारण मिठागराच्या मिठात कॅल्शियम-मॅग्नेशियम असते. पाण्यात मँगनीज असेल तर ॲनोडवर काळा थर चढतो. द्रावण फार थंड किंवा फार पातळ झाले तर क्लोरीनऐवजी ऑक्सिजन सुटतो आणि थर झिजतो. थंडीचा प्रश्न आपल्याकडे महाबळेश्वरची जानेवारीतली पहाट सोडली तर येत नाही, पातळ द्रावणाचा मात्र सगळीकडे येतो, कारण मिठाची टाकी भरायला कोणी जात नाही.

चुना काढायला वीज बंद करून, सेल आधी साध्या पाण्याने धुऊन ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. आत हायपोक्लोराइट राहिले असेल तर आम्ल पडताच क्लोरीन वायू सुटतो; धुण्याची पायरी टाळू नका. खरवडू तर मुळीच नका. दिवसाला सुमारे २४० लिटर हायड्रोजनही निघेल. तो छपराच्या सर्वांत वरच्या जागेतून बाहेर काढणारी नळी हवी. हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते.

टीसीएलशी तुलनाही करून टाकू. ३० टक्के क्लोरीन असलेली पावडर दिवसाला १.६७ किलो, ३० रुपयांनी ५० रुपये. यंत्राला मीठ २६ आणि वीज १९ रुपये, म्हणजे ४५. तुमच्या आकाराच्या गावाला पैशांची बचत नगण्य आहे. यंत्र घ्यायचे तर पडून राहून उतरलेल्या पावडरीपासून सुटका आणि एकसारखा डोस यांसाठी घ्या, आणि आम्लधुणी वेळेवर करणारा माणूस असेल तरच.

प्रश्न : फ्लोराइड काढण्यासाठी ॲल्युमिनियम प्लेटींचे संयंत्र तुरटीपेक्षा परवडते का? (यवतमाळ)

निव्वळ पैशांत नाही. नागपूरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत आणि ॲल्युमिनियम प्लेटींचे विद्युत डिफ्लोरिडेशन या दोन्हींवर काम केले आहे. समजा घनमीटरला ४० ग्रॅम ॲल्युमिनियम लागते. प्लेटीतून दिल्यास ६५ टक्के वापर आणि भंगार धरून १५ रुपये. विहिरीच्या गोड पाण्यात वाहकता कमी म्हणून १० व्होल्ट धरले तर वीज ९ रुपये. एकूण २४. तेवढेच ॲल्युमिनियम तुरटीतून द्यायला ४५५ ग्रॅम तुरटी, २० रुपये दराने ९ रुपये, वर थोडा चुना.

पण ४५५ ग्रॅम तुरटीबरोबर लिटरमागे सुमारे २१४ मिलीग्रॅम सल्फेट येते आणि पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य मर्यादाच २०० आहे. आधीच सल्फेट असलेल्या बोअरला तुरटी झेपणार नाही. तिथे प्लेटींचे जादा १५ रुपये योग्य.

प्लेटी शुद्ध, ११०० ग्रेडच्या घ्या, प्रमाणपत्रासह. भंगारातले ओतीव ॲल्युमिनियम नको, त्यात तांबे आणि शिसे असू शकते. पीएच ६ ते ७ ठेवा, ध्रुव १५ ते ३० मिनिटांनी उलटवा. व्होल्टेज रोज चढत असेल तर प्लेटीवर ऑक्साइड धरला आहे. गाळलेल्या पाण्यातले ॲल्युमिनियमही तपासा: स्वीकार्य ०.०३, पर्याय नसल्यास ०.२ मिलीग्रॅम प्रति लिटर. रोज १० घनमीटरला वर्षाकाठी सुमारे २२५ किलो प्लेटी विकत घ्याव्या लागतील.

प्रश्न : बोरॉन-डोप्ड डायमंडचा (बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याचा थर असलेला) इलेक्ट्रोड सीओडी पूर्ण काढतो म्हणतात. किंमत परवडेल का? (अंबरनाथ)

किमतीच्या आधी वीजबिल बघा. १ अँपिअर-तास फार तर ०.३ ग्रॅम सीओडी जाळतो. सीओडी लिटरला १,००० मिलीग्रॅम असलेल्या घनमीटरला ३,३५० अँपिअर-तास, ५० टक्के कार्यक्षमतेने ६,७००. ६ व्होल्टला ४० युनिट, ९ रुपयांनी ३६० रुपये. इलेक्ट्रोड फुकट दिला तरी हा खर्च राहतोच. क्लोराइड असेल तर क्लोरेट आणि परक्लोरेट तयार होतात, ती वेगळी डोकेदुखी. दिवसाला शंभर-दोनशे लिटर, जीवाणूंना न पचणारे जहाल पाणी असेल तरच विचार करा. लेड डायऑक्साइडचे ॲनोड स्वस्त असतात, पण शिसे पाण्यात उतरू शकते.

प्रश्न : रिसॉर्टच्या जलतरण तलावातल्या सॉल्ट क्लोरिनेटरचा (मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचा) सेल बदलायचा आहे. मूळ कंपनीचा ४०,००० रुपये, बाजारातला २२,०००. (कळंगुट, गोवा)

तासावर भागा. मूळ सेलला ८,००० तासांची लेखी हमी असेल तर तासाला ५ रुपये. दुसऱ्याला ३,००० तासांची असेल तर ७ रुपये ३३ पैसे. हमी तासांत न देता ‘एक वर्ष’ अशी देत असतील, तर तुमचा पंप दिवसाला किती तास चालतो त्याने गुणा.

सेल स्वतः साफ होण्यासाठी ध्रुव उलटवतो आणि प्रत्येक उलटण्याला थोडा थर जातो. हा काळ बदलता येत असेल आणि तुमचे पाणी फार जड नसेल तर तो वाढवा. नवा घेण्यापूर्वी एक तपासणी करा: मीठ वेगळ्या मीटरने मोजून लिटरला ३ ते ४ ग्रॅम आहे, पाणी कोमट आहे, सेलवर चुना नाही आणि तरीही पॅनेल ‘मीठ कमी’ दाखवते आहे, तर थर संपला. चुना असेल तर आधी आम्लाने धुऊन पुन्हा बघा. नुसत्या चुन्यासाठी सेल फेकणारे कमी नाहीत. थर संपलेल्या प्लेटींवर पुन्हा कोटिंग होते: जुना थर काढून, आम्लाने टायटॅनियम खरखरीत करून, द्रावणाचे हात देत साधारण ४५० ते ५०० अंशांना भाजून. प्लेटी वाकलेल्या नसतील आणि सेलचे आवरण उघडता येत असेल तरच त्याचे कोटेशन मागवा, तेही तासांच्या हमीसह.